फिर्यादीवांचून चाललेला खटला

ख्रिस्ती धर्मांतील तारणाचा विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित वर्गांत दोन उत्तरें तयार असतात. पहिलें उत्तर कडव्या मंडळींचें. पाप एकानें करावें, त्याबद्दल दुसऱ्या निरपराध्यास क्रुसावर चढवावें आणि त्या रक्तानें देवाचा कोप शमावा, ही कल्पना म्हणजे रानटी काळच्या पशुयज्ञाचें उरलेलें शेंपूट होय. ज्याचें कर्म त्यानें भोगावें हा आमचा सिद्धान्त त्याहून शतपटीनें न्याय्य आहे, असें हे गृहस्थ मोठ्या समाधानानें सांगतात. दुसरें उत्तर मवाळ मंडळींचें. येशू हा थोर सत्पुरुष होता, त्याचें मरण हें प्रेमाचें अत्युच्च उदाहरण होय, बाकीचा सारा पसारा पाद्र्यांनीं मागाहून रचला, असें म्हणून ते मोकळे होतात. या दुसऱ्या पंथाचे मूळपुरुष राजा राममोहन राय. १८२० सालीं त्यांनीं येशूचा नीत्युपदेश तेवढा निवडून छापला, तेव्हां सेरामपूरचे मिशनरी मार्शमन त्यांच्यावर तुटून पडले, आणि पुढें १८२३ पर्यंत जो वाद चालला त्याचें एक मुख्य ठाणें हेंच होतें: ख्रिस्तानें पापाची भरपाई केली हें मत टाकून नुसता उपदेश ठेवतां येतो काय? आमच्याकडे १८६७ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाच्या पिढीनेंही ख्रिस्ताकडे बहुधा राममोहनांच्याच डोळ्यांनीं पाहिलें.

आम्हांस हीं दोन्ही उत्तरें आळसाचीं वाटतात. पहिलें उत्तर देणाऱ्यांनीं प्रतिपक्षाचा ग्रंथ उघडलेला नसतो, आणि दुसरें देणाऱ्यांनीं तो उघडून नको तीं पानें फाडलेलीं असतात. तारणाविषयींच्या ख्रिस्ती उपपत्तींत एक मोठें वैगुण्य आहे, असें आमचेंही मत आहे. पण तें निरपराध्याच्या रक्ताचें नव्हे. तें वेगळ्याच ठिकाणीं आहे, आणि आमचे टीकाकार तेथपर्यंत कधीं पोंचलेच नाहींत. पोंचले असते तर तेंच वैगुण्य आपल्या घरांतही आढळून ते थोडे ओशाळले असते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्ती धर्माचें तारणविषयक एक ठरलेलें मत आहे आणि तें प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यावर बंधनकारक आहे, अशी समजूत सर्वत्र पसरलेली दिसते. ती खरी नाहीं. ३२५ सालीं निकीया येथें व ३८१ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें जी श्रद्धाघोषणा सिद्ध झाली तींत ख्रिस्त आमच्या तारणासाठीं अवतरला व आमच्यासाठीं क्रुसावर खिळला गेला एवढेंच आहे. त्या मरणानें तारण नेमकें कसें घडतें, याचा निर्णय पहिल्या सात सार्वत्रिक धर्मसभांपैकीं एकीनेंही दिला नाहीं. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीं एकेका शब्दावरून ज्यांनीं अर्धें साम्राज्य पेटविलें, त्या धर्मपित्यांनीं हा प्रश्न मोकळा सोडला. मोकळ्या जागेंत जो तो आपापल्या काळचें घर बांधतो. तारणाच्या उपपत्तींचा सारा इतिहास हा अशा घरांचा इतिहास आहे.

सर्वांत जुनें घर खंडणीचें. आपण पुष्कळांसाठीं आपला जीव खंडणी म्हणून देण्यास आलों, असें येशू मार्काच्या शुभवर्तमानांत सांगतो. मराठी बायबलांतील हा 'खंडणी' शब्द वाचून आमच्या वाचकांस चौथाई-सरदेशमुखी आठवेल; ती आठवण अगदींच अस्थानीं नाहीं. गुलामांचा व युद्धकैद्यांचा बाजार रोज पाहणाऱ्या त्या जगांत पैसे भरून माणूस सोडविणें ही नित्याची गोष्ट होती. पण खंडणी म्हटली कीं ती घेणारा आलाच. तो कोण? सैतान, असें ऑरिजेननें सुचविलें. चौथ्या शतकांत निसाच्या ग्रेगरीनें त्याचें नाटक सजविलें: ख्रिस्ताचें मनुष्यशरीर हें आमिष, आंत दडलेलें देवत्व हा गळ, आणि अधाशीपणें गिळणारा सैतान हा मासा. देवानें सैतानाला फसविलें या कल्पनेची लाज त्याच काळीं दुसऱ्या ग्रेगरीला, नाझियान्झसच्या, वाटली. दरोडेखोराला देवाच्या पुत्राची किंमत कशी पोंचती करावी, आणि बापानें तरी ती कां मागावी, असा प्रश्न करून त्यानें दोन्ही दारें लावून घेतलीं. आम्हांस तो या साऱ्या मालिकेंतला अत्यंत समंजस पुरुष वाटतो. असो.

खरा विचार सुरू होतो तो आन्सेल्मपासून, आणि येथें थोडें थांबणें अवश्य आहे. कारण आन्सेल्मला शिव्या देणारे व त्याचा जयजयकार करणारे या दोघांनींही त्याला सारखेंच चुकीचें वाचलें आहे. हा इटलींत जन्मलेला साधु १०९३ सालीं कँटरबरीचा आर्चबिशप झाला, राजाशीं भांडून परदेशीं गेला, आणि तेथें १०९८ सालीं त्यानें 'देव मनुष्य कां झाला' हा आपला संवाद पुरा केला. सैतानाचा मनुष्यावर कसलाही हक्क नाहीं, असें सांगून त्यानें खंडणीचें घर पाडलें. मग पाप म्हणजे काय? देवाचें जें देणें तें न देणें. त्यानें देवाच्या मानाचा भंग होतो. मान भंगला असतां दोनच मार्ग उरतात: भरपाई किंवा शिक्षा. देवाच्या इच्छेविरुद्ध एक कटाक्ष टाकणें हेंही साऱ्या विश्वापेक्षां जड. तेव्हां भरपाई मनुष्याच्या आंवाक्याबाहेरची. देणें मनुष्याचें, सामर्थ्य देवाचें. म्हणून देव-मनुष्यच पाहिजे. ख्रिस्त पापी नव्हता, त्याला मरण लागू नव्हतें. तें त्यानें आपखुषीनें दिलें, आणि तें देणें सर्व देण्यांहून अधिक भरलें.

या युक्तिवादांत शिक्षा कोठें आहे? कोठेंच नाहीं. आन्सेल्मच्या मतें भरपाई हा शिक्षेला पर्याय आहे. भरपाई झाली म्हणूनच शिक्षा टळली. देवानें आपल्या पुत्राला आमच्याऐवजीं शिक्षा केली, असें त्यानें कोठेंही म्हटलेलें नाहीं. तरीही आमचे कडवे टीकाकार रक्तपिपासू देवाचें पाप आन्सेल्मच्या माथीं मारतात, आणि कांहीं उत्साही प्रचारक तेंच भूषण म्हणून त्याच्या गळ्यांत घालतात. आणखी एक गंमत आहे. निरपराध्याचें रक्त मागणें क्रूर व दुष्टपणाचें होय, हा जो आक्षेप आमच्याकडे फार मोठा शोध म्हणून मिरविला जातो, तो पॅरिसच्या अबेलार्डनें बाराव्या शतकांत पौलाच्या रोमकरांस पत्रावरील आपल्या टीकेंत स्पष्ट शब्दांत मांडून ठेवला आहे. अबेलार्ड ख्रिस्ती मठवासी होता. आमच्या गृहस्थांना हा शोध लागण्यास आठ-नऊशें वर्षें उशीर झाला, एवढेंच.

परंतु आन्सेल्मच्या ग्रंथांत एक जागा अशी आहे कीं तिच्याकडे त्याच्या मित्रांचें वा शत्रूंचें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं, आणि आमचा सारा वाद त्या जागेशीं आहे. भरपाई म्हणजे काय हें समजावून देतांना तो दृष्टान्त देतो: कोणी दुसऱ्याच्या शरीराला इजा केली तर नुसतें शरीर बरें करून देणें पुरेसें नाहीं, भोगाव्या लागलेल्या वेदनेबद्दलही कांहीं अधिक दिलें पाहिजे. किती खरें, किती माणुसकीचें वाक्य! इजा झालेला मनुष्य क्षणभर रंगभूमीवर येतो. त्याला वेदना झाली हें मान्य होतें. लगेच दृष्टान्ताचें काम संपतें, तो मनुष्य पडद्याआड जातो, आणि उरलेल्या ग्रंथांत पुन्हां दिसत नाहीं. पुढचा सारा हिशेब देव व पापी या दोघांतला. ज्याचें हाड मोडलें त्याच्या नांवें त्या खात्यांत एक कवडी जमा नाहीं.

ही भरपाईची कल्पना आन्सेल्मच्या भोंवतालच्या जगांतून आली असें विद्वान् म्हणतात. कोणी ती जर्मानिक टोळ्यांच्या मनुष्यमूल्याशीं जोडतात, कोणी चर्चच्या पापनिवेदनाच्या पद्धतीशीं. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. पण ज्या केंट प्रांतांत कँटरबरी आहे तेथील राजा एथेलबर्ट याचे इ. स. ६०० च्या सुमाराचे कायदे आज उपलब्ध आहेत, ते पाहण्यासारखे आहेत. स्वतंत्र मनुष्य मारला तर १०० शिलिंग, अंगठा तुटला तर २०, अंगठ्याचें नख गेलें तर ३. हे पैसे जखमी मनुष्याला किंवा मृताच्या आप्तांना मिळत. राजालाही मनुष्यवधाबद्दल वेगळे ५० शिलिंग द्यावे लागत, आणि देवाची, म्हणजे चर्चची, वस्तु चोरल्यास बारापट. हा कायदा ओबडधोबड आहे, पण त्याला एक गोष्ट माहीत आहे: इजा कोणाला तरी झालेली असते. पुढें १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर, विशेषतः बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, मोठे गुन्हे हळूहळू राजाच्या शांतीचा भंग ठरूं लागले. दंड राजाकडे जाऊं लागला, आणि आप्तांचा वांटा आटत गेला. फौजदारी खटल्यांत फिर्यादी म्हणून सरकार उभें राहतें आणि ज्याचें डोकें फुटलें तो नुसता साक्षीदार होतो, ही आमच्या परिचयाची व्यवस्था त्या वळणानें आलेली आहे. कायद्यानें धर्मशास्त्राला हें शिकविलें कीं धर्मशास्त्रानें कायद्याला, हें आम्ही सांगूं इच्छीत नाहीं. परंतु दोन्हीकडे तोच मनुष्य दाराबाहेर गेला, एवढें खास.

सोळाव्या शतकांत हें घर उघड उघड न्यायमंदिर झालें. कॅल्व्हिन हा कायद्याचा विद्यार्थी. त्याच्या 'इन्स्टिट्यूट्स'च्या १५५९ च्या आवृत्तींत ख्रिस्ताला पिलातासारख्या न्यायाधीशाकडून रीतसर दोषी ठरवून मारलें गेलें या गोष्टीला मोठें महत्त्व दिलेलें आहे. नुसता मृत्यु पुरेसा नव्हता. दंड पाहिजे होता, आणि आमचा दंड त्यानें भोगला. आज प्रचारसभांतून 'ख्रिस्ती तारण' म्हणून जें सांगितलें जातें तें बहुधा हेंच मत असतें. त्याचें खंडन करण्यास आम्हांस हिंदु तर्कशास्त्राची गरज नाहीं. फाउस्टस सोसिनस या इटालियन पाखंड्यानें १५७८ सालीं लिहिलेल्या व १५९४ सालीं छापलेल्या ग्रंथांत तें केलेलें आहे. ऋण फेडलें गेलें असेल तर क्षमा कसली? आणि क्षमा केली असेल तर फेडण्याचें काय काम? शिवाय ऋण दुसऱ्यानें फेडतां येतें, दोष दुसऱ्याला घेतां येत नाहीं. माझ्या मित्रानें माझी सावकाराची बाकी भरली तर मी ऋणमुक्त होतों. माझ्या मित्राला माझ्याऐवजीं फांशीं दिलें तर मी खुनी तो खुनीच राहतों. कांटनें १७९३ सालीं हेंच आपल्या कोरड्या भाषेंत सांगितलें: अपराध ही मनुष्याची सर्वांत खासगी वस्तु होय, ती देण्याघेण्यासारखी नाहीं.

यावर डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यानें १६१७ सालीं जें उत्तर दिलें तें फार बोलकें आहे. सोसिनस देवाला सावकार समजतो ही त्याची चूक, असें तो म्हणतो. शिक्षा करणें वा सोडणें हा अधिकार ऋणकोच्या मालकाचा नव्हे, दुखावलेल्या पक्षाचाही नव्हे, तो राज्यकर्त्याचा. देव हा राज्यकर्ता. कायद्याची बूज राखण्यासाठीं त्यानें ख्रिस्ताच्या मरणानें दहशत बसविली आणि मग क्षमा केली. दुखावलेल्या पक्षाचा अधिकार नव्हे! ज्या गोष्टीवर इतरांनीं मुकाट्यानें पांघरूण घातलें ती या प्रामाणिक वकिलानें सरळ लिहून दिली, म्हणून त्याचे आभारच मानले पाहिजेत.

आतां मवाळ मंडळींचें आवडतें मत. अबेलार्डनें नुसता आक्षेप घेतला नाहीं, उत्तरही सुचविलें: क्रुसावर प्रगट झालेलें देवाचें प्रेम पाहून आमचें अंतःकरण पेटतें, आणि तें प्रेमच आम्हांस पापापासून सोडवितें. यांत क्रौर्य नाहीं, हिशेब नाहीं, आणि ब्राह्मसमाजाच्या वा प्रार्थनासमाजाच्या उपासनेंत बसण्याजोगें सौम्य सौंदर्य आहे. म्हणूनच तें आमच्या वर्गाला पटतें. पण आम्ही विचारतों, ज्या विधवेची जमीन मी खोट्या कागदानें गिळली तिचें काय? माझें अंतःकरण वितळलें, मी रात्रभर रडलों, सकाळीं नवा मनुष्य होऊन उठलों. जमीन अजून माझ्याच नांवावर आहे! कठोर मतांत निदान किंमत द्यावी लागते ही जाणीव होती. येथें तीही गेली. शोषणावर पोसलेल्या मध्यम वर्गाला इतकें सोयीचें मत दुसरें मिळणार नाहीं, आणि हें आम्ही त्याच वर्गांत बसून लिहीत आहों.

या सर्व मतांतील गाळलेली जागा एका कथेंत जशी दिसते तशी दुसरीकडे कोठेंही दिसत नाहीं. दावीद राजानें उरीया या आपल्या शिपायाची बायको बथशेबा भ्रष्ट केली. मग तें लपविण्यासाठीं उरीयाला घोर लढाईच्या तोंडीं उभें करून एकटा सोडावें असें सेनापतीला पत्र लिहिलें, आणि तें पत्र उरीयाच्याच हातीं दिलें. उरीया मेला. नाथान संदेष्ट्यानें गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगून राजाला वळणावर आणलें. राजाचा पश्चात्ताप म्हणून परंपरेनें जें स्तोत्र ५१ वें सांगितलें जातें तें जगांतील पश्चात्तापवाङ्मयाचा मुकुटमणि आहे. आणि त्यांत राजा देवाला सांगतो कीं मीं केवळ तुझ्याविरुद्धच पाप केलें. केवळ तुझ्याविरुद्ध! उरीयाचें प्रेत रब्बा शहराच्या तटाखालीं पडलेलें आहे, त्याची बायको राजवाड्यांत आहे, आणि पापाचा हिशेब राजा व देव या दोघांत मिटतो. टीकाकार म्हणतात, अखेर सर्व पाप देवाविरुद्धच असतें. असेलही. पण तें देवाविरुद्ध असतें तें उरीयाविरुद्ध असल्यामुळें. उरीयाला वगळून नव्हे.

ज्या यहुदी लोकांनीं हें स्तोत्र जपून ठेवलें त्यांच्याच धर्मशास्त्रानें ही उणीव ओळखली होती. मिश्नेच्या 'योमा' या भागाच्या शेवटीं नियम आहे कीं मनुष्य व देव यांमधील पापें प्रायश्चित्ताच्या दिवसानें फिटतात, पण मनुष्य व शेजारी यांमधील पापें, शेजाऱ्याची समजूत घातल्यावांचून, त्या दिवसानें फिटत नाहींत. आणि येशू याच परंपरेंत वाढला. वेदीपाशीं दान आणलें असतां आपल्या भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें तर दान तेथेंच ठेवावें, आधीं जाऊन भावाशीं समेट करावा, मग येऊन दान द्यावें, असें तो मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत सांगतो. यांत देवाला थांबावयास लावलें आहे. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत जक्कय हा जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचें आणि ज्याला नाडलें त्याला चौपट परत करण्याचें कबूल करतो. त्यानंतर येशू म्हणतो कीं आज या घराला तारण मिळालें. येथें खंडणी नाहीं, दंड नाहीं, मानभंगाची चर्चा नाहीं. चौपट परतफेड आहे. तारणाच्या उपपत्तींचे एवढे ग्रंथ झाले, पण जक्कयाला आधार धरून कोणी उपपत्ति उभारलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

शब्दांतही हीच गोष्ट गोठून राहिली आहे. इंग्रजीतील 'अटोनमेंट' या शब्दाचा मूळ अर्थ 'एक होणें'. टिंडेलनें आपल्या १५२६ च्या भाषांतरांत तो पौलाच्या पत्रांत वापरला. मराठी बायबलांत त्या ठिकाणीं 'समेट' असा नेमका शब्द आहे. आमच्या वादविवादांत मात्र सर्रास 'प्रायश्चित्त' म्हटलें जातें. प्रायश्चित्त एकट्याला घेतां येतें. समेट एकट्याला करतां येत नाहीं. आमच्या फौजदारी कायद्यालाही हें ठाऊक आहे: जे गुन्हे आपसांत मिटवितां येतात ते मिटविण्याचा हक्क ज्याला इजा झाली त्यालाच दिलेला आहे, मॅजिस्ट्रेट तो त्याच्या वतीनें वापरूं शकत नाहीं.

यावर जाणत्या ख्रिस्ती मनुष्याचें एक उत्तर आहे, आणि तें या वादांतील सर्वांत बळकट उत्तर असल्यामुळें आम्ही तें टाळीत नाहीं. तो म्हणेल: तुम्ही देवाला न्यायासनावर पाहतां, क्रुसावर तर देव पीडिताच्या जागीं आहे. भुकेल्याला, नागव्याला, कैद्याला जें केलें तें मलाच केलें, असें ख्रिस्तानें सांगितलें. म्हणून प्रत्येक इजा त्याला झालेली आहे, आणि म्हणूनच क्षमेचा अधिकारही त्याला आहे. शुभवर्तमानांतील येशू क्रुसावरून क्षमा मागतो ती स्वतःच्या मारेकऱ्यांसाठीं. म्हणजे तेथें बोलणारा राज्यकर्ता नसून ज्याच्या हातांत खिळे आहेत तोच आहे. हें उत्तर ऐकून आमची मान लवते. जर कोणत्या ठिकाणीं ख्रिस्ती धर्म आमच्या सर्व दर्शनांहून खोल गेला असेल तर तो येथें. पण उत्तर पुरें पडत नाहीं. जो पीडितांबरोबर सोसतो त्याला पीडितांच्या बाजूनें बोलण्याचा अधिकार आला. त्यांच्याऐवजीं सोडचिठ्ठी लिहून देण्याचा आला काय? दस्तयेवस्कीच्या 'करामाझव बंधु' या १८८० सालीं पुऱ्या झालेल्या कादंबरींत इव्हान हाच प्रश्न आपल्या साधुवृत्तीच्या भावाला करतो. जमीनदारानें कुत्र्यांकडून फाडविलेल्या मुलाच्या आईनें आपल्या दुःखापुरती क्षमा खुशाल करावी. मुलाच्या वेदनेबद्दल क्षमा करण्याचा हक्क तिलाही नाहीं. भाऊ उत्तरादाखल ख्रिस्ताचें नांव घेतो. इव्हान त्याला मान देतो. त्याचें समाधान होत नाहीं. कादंबरीकार स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती असून त्यानें हा प्रश्न इतका धारदार ठेवला, हें त्याचें मोठेपण.

आतां कडवी मंडळी हात चोळूं लागली असतील. त्यांनीं जरा थांबावें. 'ज्याचें कर्म त्यानें भोगावें' यांत चोराला शिक्षा आहे, कबूल. पण ज्याच्या घरीं चोरी झाली त्याला हा सिद्धान्त काय सांगतो? तुझेंही पूर्वकर्मच, असें. ख्रिस्ती उपपत्तींनीं पीडिताला दाराबाहेर उभें केलें. आम्ही त्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें! एका जातीच्या माणसांना शतकानुशतकें पाणवठ्यापासून दूर ठेवून वर त्यांना गतजन्मींच्या पापाचा दाखला देणाऱ्या समाजानें क्रुसाच्या रानटीपणावर व्याख्यान द्यावें, हें आम्हांस सोसत नाहीं. आमच्या स्मृतिकारांना परतफेडीचें तत्त्व ठाऊक नव्हतें असें नाहीं. मनूच्या अकराव्या अध्यायांत किरकोळ चोरीबद्दल सांतपन कृच्छ्र सांगतांना चोरलेली वस्तु आधीं परत करावी असें स्पष्ट आहे. भारतरत्न काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ सालीं प्रसिद्ध झालेला चौथा खंड पाहणारास प्रायश्चित्तांचें सारें अरण्यच हिंडतां येईल. पण व्यवहारांत काय उरलें? स्नान, दान, यात्रा. आणि दान कोणाला? ज्याला लुबाडलें त्याला खचित नव्हे.

हा वाद पोथ्यांतला आहे, त्याचा आज उपयोग काय, असें कोणी म्हणेल. २०१३ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या गीतसंग्रहांतून एक लोकप्रिय आधुनिक गीत वगळलें गेलें, कारण त्यांत देवाचा क्रोध क्रुसावर शांत झाला अशा अर्थाची ओळ होती. समितीनें 'क्रोधा'ऐवजीं 'प्रेम' घालूं कां असें विचारलें, कवींनीं नकार दिला, आणि नऊ विरुद्ध सहा मतांनीं गीत गेलें. दोन्ही पक्षांनीं पुष्कळ लिहिलें. क्रोध कीं प्रेम, एवढाच प्रश्न. ज्याच्याविरुद्ध पाप घडलें तो मनुष्य त्या चर्चेंतही गैरहजरच होता.

पण या गैरहजेरीची खरी किंमत गीतांत नव्हे, राज्यकारभारांत मोजावी लागते. दक्षिण आफ्रिकेंत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्यानें 'सत्य व समेट आयोग' नेमला गेला. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. १९९६ च्या एप्रिलांत सुनावण्या सुरू झाल्या. आम्ही टुटूंचे निंदक नाहीं. जगांतील फार थोड्या न्यायासनांनीं पीडितांना इतकें ऐकून घेतलें असेल: २१,००० हून अधिक जबान्या नोंदल्या गेल्या, आणि कित्येक आयांनीं प्रथमच आपल्या मुलांचें काय झालें तें उघड सभेंत विचारलें. या बाबतींत टुटूंचा आयोग आन्सेल्म व ग्रोशियस यांच्याहून निःसंशय पुढें गेला. परंतु क्षमा देण्याचा अधिकार कोणाकडे राहिला? कायद्यानें तो आयोगाच्या एका समितीकडे दिला. राजकीय हेतूनें केलेलें कृत्य पूर्णपणें उघड केलें कीं माफी. पश्चात्तापाची अट नव्हती, पीडिताच्या संमतीचीही नव्हती, आणि माफी मिळाली कीं नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही बुडाला. मारले गेलेले स्टीव्ह बिको, म्क्सेंगे व रिबेरो यांच्या कुटुंबांनीं याविरुद्ध घटना-न्यायालयांत धांव घेतली. आमच्या वतीनें क्षमा करणारे तुम्ही कोण, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९९६ च्या जुलईंत न्यायालयानें त्यांचें म्हणणें फेटाळलें; देशाला यादवीपासून वांचविण्यास दुसरा उपाय नव्हता असें कारण दिलें, आणि तें कारण पोकळ होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्याबरोबरच पीडितांस भरपाई देण्याची जबाबदारी राष्ट्राची, असेंही गृहीत धरलें गेलें. माफीचे निर्णय वर्षांनुवर्षें होत राहिले. आयोगानें भरपाई म्हणून सहा वर्षें दरसाल अनुदान द्यावें अशी शिफारस केली होती. २००३ सालीं सरकारनें ठरविलें तें असें: प्रत्येक पीडितास, एकदांच, ३०,००० रँड.